ढोलीतून काढलेला फोटू

मी धान साठवायच्या ढोलीत बसून पाखरांचे फोटू काढले आहेत. हे कोणाला सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडं बघतो, मग माझ्या पोराकडं बघतो, की म्हातारा ठीक आहे ना. ठीक आहे. दात गेले, गुडघे गेले, मागच्या मार्गशीर्षात बायको गेली, पण डोकं अजून जागेवर आहे. ढोलीची गोष्ट खरी आहे असं छातीठोक सांगणारी एकच बाई होती, ती माझी बायको. आणि जन्मभर माझं एकही बोलणं पुरं खरं न मानणारी बाईही तीच.

तिचंही बरोबर होतं. मला सवय अशी, की दोन असले की चार सांगायचे. वखरताना वीतभर साप निघाला, तर घरी येईस्तोवर तो कासऱ्याएवढा व्हायचा. यात खोटं बोलायचा विचार नसतो. नुसतं सांगितलं तर ऐकणाऱ्याला काही मिळाल्यासारखं वाटत नाही, म्हणून थोडं वर घालून द्यायचं, दूधवाला घालतो तसं. लग्नाच्या पहिल्या वर्षातच तिनं हे ओळखलं. मी काही सांगायला लागलो की ती आधी मनात अर्धं करायची आणि मग ऐकायची.

आमचं गाव चिमुराकडचं, तळ्याखालच्या धानाचं. पन्नास सालानंतरची गोष्ट, नेमकं साल आता सांगता येत नाही. लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं आणि तिला दिवस गेले होते. त्या उन्हाळ्यात आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागं जिथं नाहणी असते, भांडी घासायचा दगड असतो आणि आमच्याकडं एक शेवगा होता, तिथं धुणं वाळत घालायच्या तारेवर एका पाखरानं घर बांधायला घेतलं. पाखरू अंगठ्याएवढं. चोच वाकडी, दाभणासारखी. पुस्तकात त्याला शिंजीर म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा त्याला आमच्या घरात नाव नव्हतं, म्हणून तिनं दिलं.

बांधकाम सगळं मादीचं. ती मळकट पिवळी, दिवसभर कोळ्याचं जाळं आणायची, कापूस आणायची, झाडाची सालपटं, कुठला कुठला कचरा आणून तारेला चिकटवायची. नर काळाकुट्ट. उन्हात आला की निळा-जांभळा चमकायचा, आणि कवडीचं काम न करता शेवग्याच्या शेंड्यावर बसून ओरडायचा. तिनं त्याचं नाव ठेवलं पाटील.

भांडी घासता घासता ती मला म्हणायची, "पाहा जी, पाटील सकाळपासून बोंबलून राह्यला, आन ते बिचारी एकटी मरून राह्यली. कोनाची आठवन येते का तुमाले?"

मी म्हणायचो, नाही येत.

घरटं लोंबत्या पिशवीसारखं झालं. बाजूला दार, दारावर इवलीशी पडवी. आणि त्या पडवीत एक लाल दोरा. तो बायकोच्या फाटक्या लुगड्याच्या काठाचा होता. मादीनं तो कुपाटीवरून, म्हणजे काट्याच्या कुंपणावरून, ओढून नेला होता. ते बघितल्यापासून तर ती तार तिनं सोडूनच दिली. धुणं काट्याच्या कुपाटीवर टाकायला लागली. काट्यानं लुगडी फाटली, आईचं एक चांगलं नऊवार फाटलं, आणि आई दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाखराले तार, आन मानसाले काटे." सून हसली. आई नाही हसली. तार मात्र पाखराकडंच राहिली.

सातवा संपत आला तसा तिचा भाऊ तिला न्यायला आला. माझे सासरे जंगलखात्यात नाकेदार. मूळचे आमच्याच भागातले, पण बदली होऊन पार भामरागडाकडं गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पाऊस लागला की तिकडची वाट बंद. नदी उतरेपर्यंत ना माणूस जातो, ना निरोप. म्हणून उन्हातच निघायचं ठरलं.

जाताना बाया रडतात, तशी ती रडली. मग डोळे पुसून तिनं मला नाहणीमागं बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलते. ती बघत होती तारेकडं. मादी अंड्यांवर बसली होती. दारातून नुसती चोच दिसत होती.

"पिल्लं निंगाले का मले दाखवजा," ती म्हणाली.

"निरोप धाडीन ना. किती हायेत, कसे हायेत, सारं सांगीन."

"तोंडी नोको. तुमचं तोंडी मी ऐकत नाई. जवाईबापूकडं फोटूचा डबा हाय, त्याच्यात काढा आन घेऊन या. पान्याच्या आधी या."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं. पण गाडी गेली, धूळ बसली आणि घर असं सुनं झालं की मला बसवेना. तेव्हा लक्षात आलं की आपण एक वचन देऊन बसलो आहोत. पिल्लं फार दिवस घरट्यात राहत नाहीत. पाऊसही आपली वाट बघत नाही. आणि या दोघांच्या मधे मला तिच्या हातावर असं काहीतरी ठेवायचं होतं की जे तिला अर्धं करता येणार नाही.

जवाई म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. त्यांचं वरोऱ्याला फोटूचं दुकान. लग्नाचे फोटू काढायचे आणि गेलेल्या माणसाचे काढायचे. दोघांनाही हलू नका म्हणायचे, त्यामुळं भिंतीवर लावल्यावर कोणता कोणाचा, ते हारावरूनच कळायचं. लग्नसराईत ते आमच्या गावी एका लग्नाला आले तेव्हा मी त्यांना बायकोचं म्हणणं सांगितलं. त्यांना पटकन हसू आलं. पण त्यांच्या सलहजेची, म्हणजे मेहुण्याच्या बायकोची फर्माईश, म्हणून त्यांनी डबा कॅमेरा आणि अर्धा उरलेला रोल माझ्या हवाली केला.

"साळेबुवा," ते म्हणाले, "या डब्याला चार पावलांच्या आतलं दिसत नाई. आन चार पावलांवरून तुमचं पाखरू म्हंजे माशी दिसन."

मग त्यांनीच उपाय काढला. डब्याच्या भिंगापुढं चाळिशीचं भिंग लावायचं. मग एका हातावरचं साफ येतं. हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत, ना कमी ना जास्त. आता चाळिशी घरात एकच, ती बाबांच्या नाकावर, दोऱ्यानं कानाला बांधलेली. जवाई मागतो आणि सासरा नाही म्हणतो, असं आमच्याकडं होत नाही. बाबांनी नाकावरची चाळिशी काढून दिली. जवाईंनी तिचा एक डोळा काढून मेणानं डब्याला चिकटवला आणि उरलेली परत बाबांच्या नाकावर ठेवली. पुढं कितीतरी दिवस बाबा एक डोळा मिटून पोथी वाचत होते. म्हणाले, बरं आहे, राक्षस अर्धेच दिसतात.

पिल्लं निघाली. किती ते कळेना, आत नुसती चिवचिव. मी घोंगडं पांघरून तारेखाली जाऊन बसलो, की पाखराला वाटावं हा एक दगड आहे. पाखराला काही तसं वाटलं नाही. ते शेवग्यावरून मला शिव्या देत बसलं. पाटीलही आला आणि त्यानंही दिल्या. आणि भर उन्हाळ्यात घोंगडं पांघरलेला माणूस म्हणजे आमच्या भागात हिवताप. रस्त्यानं जाणाऱ्यांनी आईला काढे सांगितले. एकानं कडुनिंबाचा पालाच आणून टाकला. मी उठलो.

तेव्हा माझं लक्ष ढोलीकडं गेलं. ढोली म्हणजे धान ठेवायची बांबूच्या कमट्यांची मोठी कोठी, छातीएवढी उंच, आतून-बाहेरून शेणामातीनं सारवलेली. कापसाकडचे लोक कणगी म्हणतात तीच. धान संपत आलं की उन्हाळ्यात तिला बाहेर काढायचं, ऊन द्यायचं, नव्यानं सारवायचं. आमची ढोली सांदवाडीत कुपाटीपाशी उभीच होती. तिला बसल्यावर डोळा येईल त्या उंचीवर एक भोक पाडलं, आत पाट टाकून बसलं आणि वरून झाकण ओढून घेतलं, तर पाखराला काय कळणार?

भोक पाडायला मी कोयता लावला आणि आई धावत आली. ढोलीत लक्ष्मी राहते. घरातली बाई ढोलीचं भोक बुजवते, पाडत नाही. भोक म्हणजे उंदीर, उंदीर म्हणजे उपास. मी सांगितलं, तुझ्या सुनेनं मागितलं आहे. पोटुशी बाईनं मागितलेलं नाही म्हणू नये, हे आईलाही माहीत होतं. शेवटी तिनं अटी घातल्या. आंघोळ केल्याशिवाय ढोलीत पाय ठेवायचा नाही. चप्पल घालायची नाही. आत बिडी ओढायची नाही. आणि सुनेला फोटू दाखवून आला की भोक स्वतःच्या हातानं लिंपायचं.

म्हणून मी बहुतेक या मुलखातला पहिला माणूस असेन, जो पाखराचा फोटू काढायला रोज सकाळी आंघोळ करून जायचा.

ढोली एकदम तारेजवळ नेली असती तर मादी बिथरली असती. म्हणून रोज अंधार पडल्यावर तिला कवळ्यात धरून मी थोडी थोडी सरकवायचो, आज हातभर, उद्या हातभर. आत शिरायचं ते उखळावर चढून वरून. आत बसलं की जुन्या धानाचा वास, भिंतीतले सोंडे, म्हणजे धानातले किडे, मानेला चावणार, आणि घाम असा की बाहेर येताना परत आंघोळ. पण त्या भोकातून बघितलं की सगळं विसरायचो. मादी चोचीत कोळी घेऊन यायची, कधी हिरवी अळी. इकडं बघायची, तिकडं बघायची, ढोलीकडं बघायची, आणि पडवीत डोकं घालायची. दिवसागणिक जवळ. शेवटी ढोली तारेपासून बरोबर एका हातावर आली. दुसऱ्या दिवशी फोटू काढायचा, असं मी ठरवलं.

इथं आमची शेजारीण येते. सारं गाव तिला मोठीमाय म्हणायचं. कुपाटीच्या पल्याड घर, नजर चांगली, काम कमी. सुनेला कोंबडा आरवायच्या आधी उठवायची, इतकं की त्या पोरीच्या डोळ्याखाली काजळ लावल्यासारखं काळं झालं होतं. ती पोरगी माझ्या बायकोची मैत्रीण. तर मोठीमायनं काय बघितलं? तिनं बघितलं की यांची ढोली कुपाटीपाशी होती, ती रोज थोडी पुढं येते आहे. कोणी सरकवताना दिसत नाही, पण सकाळी पुढंच असते. आणि चालली आहे कुठं, तर घराच्या दाराकडं. आता धानाची ढोली आपल्या पायानं घराकडं चालत असेल, तर आमच्याकडच्या कुठल्याही बाईला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. लक्ष्मी घरात यायला निघाली आहे.

त्या दिवशी दुपारी मी आत बसलो होतो. ऊन घरट्याच्या दारावर पडलं होतं. मादी शेवग्यावर आली होती, चोचीत काहीतरी वळवळत होतं. मी डब्याच्या खटक्यावर बोट ठेवलं, श्वास धरला. आणि भोकापुढं काळोख झाला.

बांगड्यांचा आवाज. ताटली ठेवल्याचा आवाज. ढोलीला बाहेरून काहीतरी लागलं, थंड थंड, थपथप. मोठीमाय हळदीकुंकू लावत होती. लावता लावता तिचं बोट भोकात आलं. पिवळंधम्मक, नख तुटलेलं, सरळ माझ्या डोळ्याकडं. मी दचकलो आणि खटका दाबला गेला. एक फोटू गेला.

मग ती पुटपुटली, "अवमाय, उंदरानं घर केलं." आणि सारवणाची बादली बाजूलाच होती. शेणाचा गोळा उचलल्याचा फचकन आवाज आला.

आता सांगा, काय करायचं? गप्प बसलो तर शेण बाबांच्या चाळिशीवर. बोललो तर म्हातारी जागेवर मरते. मी जमेल तेवढ्या हळू बोललो. पण ढोलीत हळू असं काही नसतं. तिच्यात कुजबुजलं तरी विहिरीतून आल्यासारखं घुमतं, बाई बोलली की बुवा ते कळत नाही.

"लिंपू नोको," मी म्हटलं.

बाहेर काही हललं नाही. मग ती खाली बसल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेली. पण मोठीमाय इतक्या सहज जाणारी नव्हती. जरा वेळानं अगदी गोड आवाजात बोलली. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"माये, बोलली तू? माह्याशी बोलली?"

मी खटक्यावरचं बोट काढून घेतलं.

"आता बोललीच हाय तं एक कर. माही सून लय झोपाळू हाय. तिले अक्कल दे."

मी गप्पच राहणार होतो. पण ज्या पोरीला ती झोपाळू म्हणत होती, ती पोरगी पहाटे जात्यावर डुलक्या घेताना मी स्वतः बघितली होती. आणि अशी संधी माणसाला एकदाच मिळते.

"तिले झोपू दे," मी म्हटलं.

"कितीक दिस, माये?"

"धान रोवेपर्यंत."

तिनं ढोलीला डोकं टेकवलं. ते भिंतीतून माझ्या गुडघ्याला लागलं. मग ती उठून गेली, आणि जाताना सगळ्या गावाला सांगत गेली.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून आलो, तर सांदवाडीत पाय ठेवायला जागा नाही. बाया, त्यांची पोरं, नारळ, उदबत्त्या. कोणी मूल होऊ दे म्हणते, कोणाला हरवलेली म्हैस पाहिजे. एकीनं तर ढोलीला कान लावला आणि म्हणाली, आत पोट गुरगुरल्यावानी वाटते. मी तर बाहेर उभा होतो. तिचंच गुरगुरत असेल.

सुरुवातीला मला मजा वाटली. मग वर बघितलं. मादी शेवग्याच्या शेंड्यावर, चोचीत कोळी धरून. एक पाऊल पुढं, एक मागं. तारेकडं झेपायची आणि गर्दी बघून परत फिरायची. उदबत्तीचा धूर सरळ घरट्यावर जात होता. आत पिल्लांची चिवचिव आधी मोठी होती, मग बारीक झाली. पाटील पण ओरडायचा थांबला. त्याला मी गप्प बसलेलं त्याच दिवशी बघितलं. फोटू गेला तर गेला, पण मी भामरागडाला जाऊन काय सांगणार होतो? की मी तुझ्या पिल्लांचा फोटू काढायला ढोली आणली आणि त्या ढोलीपायी ती उपाशी मेली? हे मात्र तिनं अर्धं केलं नसतं.

खरं सांगून टाकायला मी तोंड उघडलं, की बायांनो, आत मी होतो. आईनं मला हातानं मागं ढकललं. ती दाराच्या उंबऱ्यावर उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, आणि म्हणाली, "देवीनं मले पहाटे सांगतलं. कोनी येत असन तं येऊ दे म्हने. फकस्त जिनं आज सकाळपासून कोनाची चुगली केली नाई, तिनंच या सांदवाडीत उभं राहावं."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीला घरी चूल पेटलेली आठवली. एकीचं पोर रडलं नसताना तिनं ते उचललं. म्हैसवाली तर नारळ परत घेऊनच गेली. थोड्या वेळात सांदवाडी अशी रिकामी झाली, जशी झाडून काढावी. सगळ्यात शेवटी मोठीमाय गेली, पण तीही गेली.

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "जा, बस तुह्या ढोलीत. लेकरं भुकेजले."

आत शिरलो. पिल्लांना आई लेकरं म्हणाली, हे मला आत बसल्यावर कळलं. मादी लगेच आली नाही. मग आली. घरट्याच्या पडवीला लटकली, शेपटी खाली दाबली, आणि आतून एकदम चोची बाहेर आल्या, आतून केशरी, आ वासलेल्या. मी खटका दाबला. तिनं मान वळवून सरळ भोकात बघितलं, जशी काही विचारते, झालं का? नाही झालं. रोल संपेपर्यंत मी दाबत राहिलो. त्यानंतर दोन-चार दिवसांत पिल्लं उडून गेली. मी शेतावर होतो. उडताना आईनं बघितली. मला कितीदा तरी विचारावं लागलं, तेव्हा सांगितलं.

मधल्या काळात मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, जंगलखात्याच्या कामानं चिमुराला आला होता. त्याच्याजवळ मी निरोप दिला, की पिल्लं चार आहेत, धष्टपुष्ट आहेत, फोटू घेऊन येतो. चार का म्हणालो, ते विचारू नका. जीभ आपली.

वरोऱ्याला जवाईंनी लाल दिव्याच्या खोलीत रोल धुतला. बहुतेक फोटूंत नुसता धूर. एकात मादीचं धड आहे, डोकं नाही. एक मात्र असा आला की जवाई स्वतः दिव्याजवळ घेऊन गेले. दार, पडवी, मादी, आणि दोन वासलेल्या चोची. आणि आणखी एक साफ आला, सगळ्यात साफ. मोठीमायचं बोट. नखाची तूट, कातडीच्या घड्या, हळदीचे कण, सगळं. जवाई म्हणाले, इतका चांगला फोटू तर त्यांनी पण कधी काढला नव्हता.

दोन्ही फोटू छातीशी बांधून मी निघालो. आलापल्लीपर्यंत लाकडं वाहणाऱ्या मोटरीवर बसून गेलो, पुढं बैलगाडी, पुढं पायी. नदीला अजून गुडघाभरच पाणी होतं. आभाळ भरून येत होतं, पण मी पोचलो.

ती ओसरीवर मोहाच्या बिया फोडत बसली होती. पोट एवढं. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि बिया फोडत राहिली. मी पाणी प्यालो आणि सगळं सांगितलं. ढोली, आंघोळ, बाबांची चाळिशी, मोठीमाय, देवी, सुनेची झोप. ती मधे मधे मान हलवत होती, ती ओळखीची मान, की अर्धं, अर्धं, अर्धं. देवीपाशी आल्यावर म्हणाली, "खोटं."

मी बोटाचा फोटू तिच्या हातात दिला.

तिनं तो उलटा केला, सुलटा केला. मग ती नखाची तूट ओळखली. आणि अशी हसली की सासूबाई आतून धावत आल्या, की कळा लागल्या का. तिला बोलता येईना. तिनं नुसता फोटू दाखवला. सासूबाईंना नुसतं एक बोट दिसलं, त्यांना काही समजलं नाही आणि त्या घाबरून आत गेल्या.

मग दुसरा दिला. हा तिनं उजेडाकडं धरला. पडवीत लोंबणाऱ्या काळ्या रेघेवर तिनं नख ठेवलं.

"हा माह्या लुगड्याचा दोरा."

"हो."

"आन हे दोन." तिनं माझ्याकडं बघितलं. "भावाजवळ चार म्हने ना?"

"दोनच हायेत."

"मंग दोन म्हना ना जी."

पाऊस लागायच्या आत मी परत आलो, आणि आल्या आल्या आईच्या देखरेखीखाली ढोलीचं भोक लिंपलं. मोठीमायच्या सुनेनं कुपाटीवरून दह्याचं गाडगं दिलं आणि हसली. डोळ्याखालचं काळं गेलं होतं. ढोलीत मी होतो हे तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. धान रोवून झाल्यावर मोठीमाय परत ढोलीशी येऊन काही काही विचारायची. पण ढोलीत आता धान होतं, बोलणार कोण?

पोरगी झाली ती नदी भरलेली असताना. उतार पडल्यावर एक माणूस तोंडी निरोप घेऊन आला, की मुलगी झाली, गोरी आहे, दोघी ठीक. मी त्याच्याजवळ उलटा निरोप दिला, की मी तोंडी ऐकत नाही, घेऊन ये. ती घेऊन आली. गोरी नव्हती.

तो पिल्लांचा फोटू तिनं आपल्या ट्रंकेच्या झाकणाला आतून पेजेनं चिकटवला. तेव्हापासून आमच्यात एक खूण झाली. मी चारचौघांत काही सांगायला बसलो, साप लांब व्हायला लागला, धानाची पोती वाढायला लागली, की ती दाराआडून दोन बोटं वर करायची. लोकांना वाटायचं, चहा किती कप ते विचारते. मी साप तिथंच आखडता घ्यायचो. सोयऱ्यांच्या लग्नात, सोसायटीच्या बैठकीत, नातवंडांपुढं, कुठंही. दोन बोटं.

शेवटी तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरनं मला बाहेर नेऊन जे सांगायचं ते सांगितलं. मी आत आलो, खाटेजवळ बसलो आणि म्हटलं, डॉक्टर म्हणतो चार दिवसांत घरी नेता येईल. तिचे डोळे मिटलेले होते. तिनं चादरीवरून हात उचलला आणि दोन बोटं वर केली.



पोरीच्या लग्नातला तिचा एक फोटू आहे, जवाईंनी काढलेला. हलू नका म्हटल्यामुळं ती त्यात जिवंतपणीच गेल्यासारखी दिसते. पोरानं तो मोठा करून भिंतीवर लावला, हार घातला. मी त्याच्याकडं बघत नाही. ट्रंकेचं झाकण उघडून बघतो. तिथला फोटू आता पार उडाला. ओल लागली, किडे लागले. मादी दिसत नाही, पडवी दिसत नाही. दोन काळे ठिपके आणि एक काळी रेघ राहिली आहे. मोठीमायचं बोट मात्र खाली वह्यांखाली ठेवलेलं, अजून जसंच्या तसं आहे.

या फाल्गुनात मागच्या तारेवर परत एक घरटं लागलं. सून विचारते, बाबा, धुणं कुठं टाकू. मी म्हटलं, कुठंही टाक, या तारेवर नाही. ती माझ्यावर चिडली, मग तिनं पण एक दिवस वर बघितलं, आणि आता तीच पोरांना हाकलते. ढोली आमच्याकडं आता नाही, लोखंडी कोठी आहे. तिच्यात बसलं तर भाजून निघेल माणूस. आणि फोटू काढून दाखवायचा तरी कोणाला?

काल पिल्लं निघाली. मी ट्रंक उघडून तिला सांगितलं. तोंडीच सांगितलं, दुसरं काय करणार.

दोन आहेत. नीट वाकून मोजली. दोनच आहेत.